रात्रीची गाडी की पहाटेचं विमान?

(मंडळाच्या सभेत आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुढच्या मे महिन्यात मंडळाची युरोप सहल काढायचं घाटतं आहे. परवापर्यंत २३ नावं आली आहेत आणि त्यातले १७ जण साठीच्या पुढचे आहेत. सहलवाल्यांनी पाठवलेल्या कार्यक्रमात पॅरिस, व्हिएन्ना, व्हेनिस आणि रोम अशी चार शहरं आहेत आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला प्रत्येक वेळी विमान. आम्ही दोघं गेल्या वर्षी मे महिन्यात साधारण याच वाटेनं फिरून आलो, पण जिथे जमेल तिथे रात्रीच्या गाडीनं. म्हणून कार्यकारिणीनं सांगितलं, की सभासदांसमोर पंधरा-वीस मिनिटं बोला. आमचे दोघांचे काही मुद्द्यांवर मतभेद होते. ते घरीच मिटवून आलो आहोत, तेव्हा इथे जे बोलू ते दोघांचं समजावं.

आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मघाशी चहाच्या वेळी विचारलंच, "अहो, तासाभराचं विमान सोडून रात्रभर गाडीत कशाला पडायचं?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा त्या तासाभराचाच हिशेब आधी मांडतो.

आम्हीही एक विमानप्रवास केला. एका स्वस्त विमान कंपनीचं तिकीट होतं, सुटायची वेळ सकाळी ६:४०. हवेतला वेळ पावणेदोन तास. म्हणजे साडेआठला पोहोचून नाश्ता करू आणि शहर बघायला निघू, असा आमचा भाबडा समज. विमानतळ गावाबाहेर, इतक्या पहाटे मेट्रो सुरू झालेली नाही, म्हणून रात्री पावणेतीनला उठून सव्वातीनला टॅक्सी केली. टॅक्सीला जवळजवळ एका तिकिटाइतके पैसे गेले. दारात पोरगेल्या कर्मचाऱ्यानं आमची बॅग एका लोखंडी चौकटीत घालून पाहिली. चाकं दोन बोटं बाहेर राहिली, त्याचे वेगळे पैसे. पुढे सुरक्षा तपासणी. आमच्यापैकी एकाचा गुडघा बदललेला आहे, म्हणजे यंत्र वाजणारच. बाजूला घ्या, हात वर करा, बूट काढा. तेवढ्यात दुसऱ्याच्या पिशवीतून आंब्याच्या लोणच्याची बाटली बाहेर निघाली. १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणून टोपलीत. त्याखालोखाल सासूबाईंचा पितळी अडकित्ता. तो इंदूरहून निघताना मोठ्या बॅगेत होता. इथे मोठ्या बॅगेचे पैसे वाचवण्यासाठी ती एका ओळखीच्यांकडे ठेवली होती आणि अडकित्ता चुकून हातातल्या पिशवीत आला. त्या बाईंना आम्ही सुपारी दाखवली, कातरायची खूण करून दाखवली. त्या हसल्या, पण अडकित्ता काही परत मिळाला नाही. चूक आमचीच. तरी अजून जेवण झालं की हात त्या डब्याकडे जातो.

उतरल्यावर परत बस, मग मेट्रो. हॉटेलच्या दारात पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पावणेदोन तासांच्या विमानाला दारापासून दारापर्यंत पावणेआठ तास. दुपारी दोघंही असे झोपलो की उठलो तेव्हा दिवे लागले होते. म्हणजे रात्रही गेली आणि दिवसही गेला.

स्वस्त विमानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तिकीट काढताना बघून घ्यावी. तिकिटावर शहराचं नाव असतं, पण विमानतळ त्या शहरात असेलच असं नाही. पॅरिसचा म्हणून विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या पुढे आहे. फ्रँकफुर्ट-हान तर फ्रँकफुर्टपासून १०० किलोमीटरहून लांब. नाव देवासचं सांगून उज्जैनच्याही पलीकडे उतरवल्यासारखं झालं.

आता गाडीची गोष्ट. रात्रीची गाडी आपल्याला नवीन नाही. आपल्यापैकी बहुतेकांची मुंबईची वाट अवंतिकेनं घालून दिली. संध्याकाळी इंदूर सोडायचं, रतलामला डबा उघडायचा, बोरिवली आली की केस विंचरायचे. माहेर-सासर, परीक्षा, टाटाच्या रुग्णालयातली तपासणी, सगळं एका रात्रीच्या अंतरावर. मुंबई सहाशे-आठशे किलोमीटर आहे की किती, हे आपण कधी मोजलं नाही. युरोपातल्या रात्रीच्या गाडीत बसल्यावर आम्हाला पहिल्यांदा जाणवलं ते हेच, की ही चाल आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

पॅरिसच्या 'गार द लेस्त' म्हणजे पूर्व स्टेशनावरून संध्याकाळी सातच्या सुमारास आमची व्हिएन्नाची गाडी सुटली. ऑस्ट्रियाची सरकारी रेल्वे ती 'नाइटजेट' या नावानं चालवत होती. आम्ही दोन बर्थचं कंपार्टमेंट घेतलं होतं, आपल्या जुन्या फर्स्ट क्लासच्या कूपेसारखं. आत हात धुवायला बेसिन, आरसा, टॉवेल, पाण्याची बाटली आणि फेसाळत्या द्राक्षासवाची एक छोटी बाटली. ती आम्ही सोबत घरी आणली की नाही, हे कृपया विचारू नये. अटेंडंट आला, तिकिटं पाहिली, न्याहारीचा कागद दिला. त्यावर यादी असते, त्यातल्या सहा वस्तूंवर खूण करायची. शाकाहाऱ्यांना पाव, लोणी, जॅम, चीज, चहा-कॉफी एवढ्यावर सहज भागवता येतं. रात्रीच्या जेवणाला मात्र भोजनयान नाही. स्टेशनावर घेतलेला लांब पाव, चीज आणि आपली इंदुरी शेव असं आमचं जेवण झालं. लोणच्याची बाटली तेव्हा शाबूत होती. गाडीत कोणी पिशवी तपासली नाही, गुडघा कुठे वाजला नाही.

मे महिन्यात तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळे जेवताना खिडकीबाहेर शेतं, छोटी गावं, चर्चचे मनोरे असा दोन-अडीच तासांचा फ्रान्स फुकटात बघून झाला. मग अटेंडंटनं बिछाने घालून दिले आणि दाराला आतून कडी लावून आम्ही आडवे झालो. झोप लागली का? खरं सांगायचं तर एकाला लागली, दुसऱ्याला पहाटेपर्यंत लागली नाही. गाडी मध्येच थांबते, धक्के बसतात, इंजिन बदललं जातं. एकदा दार वाजलं, पोलिसांनी पासपोर्ट पाहिले. शेंगेन देशांच्या आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी नसते, पण अलीकडे काही देशांनी ती पुन्हा सुरू केली आहे, तेव्हा पासपोर्ट उशाखालीच असावा. पण सकाळी साल्झबुर्ग गेलं, डोंगर दिसले, गरम कॉफी आली आणि दहाच्या सुमारास व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनावर उतरलो ते कपडे बदलून, तोंड धुऊन. सामान स्टेशनावरच्या कपाटात ठेवलं आणि साडेदहाला ट्राममध्ये होतो.

ती गाडी आता नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमच्या भरवशावर कोणी तिकीट शोधत बसेल. ती का नाही, हे पुढे येईल.

दुसरी रात्र व्हिएन्ना ते व्हेनिस. या वेळी मुद्दाम चार बर्थच्या कुशेटमध्ये गेलो. तिकडे तीन दर्जे असतात. सर्वांत स्वस्त म्हणजे नुसती बसायची जागा. साठीच्या माणसानं तिकडे बघूही नये. मग कुशेट, चार किंवा सहा बर्थचं, ओळखी-अनोळखी एकत्र. बायकांसाठी वेगळं कंपार्टमेंटही मागता येतं. आणि मग स्लीपर, एक ते तीन बर्थचा. कुशेट आपल्या थ्री-टायरसारखं, फक्त साइड बर्थ नाही आणि दार बंद होतं. पण एक फरक ध्यानात ठेवावा. आपला ब्रॉडगेज रूळ १६७६ मिलिमीटरचा, तिकडचा १४३५चा. डबेही आपल्यापेक्षा हातभर अरुंद. त्यामुळे सहा बर्थच्या कुशेटमध्ये सहा माणसं आणि सहा बॅगा म्हणजे एकानं कूस बदलली तर दुसऱ्यानं श्वास रोखायचा. चारचं घ्यावं, सहाचं घेऊ नये. २०२३ च्या डिसेंबरपासून हॅम्बुर्गच्या मार्गांवर नवे डबे आले आहेत आणि त्यात एकट्या प्रवाशासाठी 'मिनी केबिन' आहेत. त्यांचे फोटो आम्ही पाहिले. भिंतीतल्या कपाटात शिरून दार ओढून घेतल्यासारखं. नातवंडांना आवडेल.

आमच्यासोबत एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी होती. शेव दिली. आईनं दोन दाणे खाऊन पाण्याची बाटली शोधली, मुलीनं पुडा संपवला. बाकी बोलणं फारसं झालं नाही, तिकडे दहानंतर कोणी बोलत नाही. आपल्या २३ जणांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

सकाळी जाग आली तेव्हा सपाट शेतं होती. मेस्त्रे नावाचं स्टेशन गेलं, बरेच लोक उतरले, आम्हीही उठायला लागलो तर त्या आईनं हातानं थांबवलं. दोन मिनिटांत गाडी जमीन सोडून पाण्यावर आली. दोन्ही खिडक्यांतून पाणीच. साडेतीन किलोमीटरहून लांब पूल आहे. १८४६ मध्ये झाला, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या सात वर्षं आधी. त्यापूर्वी व्हेनिसला नावेखेरीज जाता येत नव्हतं. सांता लुचिया हे शेवटचं स्टेशन. बाहेर आलो, रुंद पायऱ्या, आणि पायऱ्या संपतात तिथे रस्ता नाही. समोर ग्रँड कॅनाल, पलीकडे एका चर्चचा हिरवा घुमट, खाली सार्वजनिक नावेचा धक्का. रिक्षावाले नाहीत, हॉर्न नाही. पायरीवरच बॅग ठेवून आम्ही दहा मिनिटं बसलो. गुडघ्याला आणि मनाला, दोघांनाही तेवढी बैठक हवी होती. विमानानं येणारा माणूस मुख्य भूमीवरच्या विमानतळावर उतरतो आणि तिथून बस नाहीतर नाव शोधतो. आम्ही झोपून उठलो ते थेट कालव्याच्या काठावर.

इतकं ऐकून कोणाला वाटेल, की आम्ही रेल्वेचे दलाल झालो आहोत. तर आता दुसरी बाजू.

एक, रात्रीची गाडी स्वस्त नाही. दोघांच्या स्लीपरचं तिकीट विमानापेक्षा महाग पडलं. एका रात्रीचं हॉटेल आणि पहाटेची टॅक्सी वाचली, ती धरून साधारण बरोबरी झाली. दोन, आल्प्स अंधारात जातात. युरोपला जाऊन आल्प्स झोपेत काढायचा, याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. सेमेरिंगचा रेल्वे घाट १८५४ चा, आपल्या बोरघाटाच्या नऊ वर्षं आधीचा. असली गोष्ट दिवसाच बघायची असते. तीन, सकाळी पोहोचलं तरी हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. सामान ठेवून घेतात, पण पाठ टेकायला जागा नाही. चार, रात्री दोन-तीनदा उठावं लागणाऱ्यांनी जाणून घ्यावं, की जुन्या डब्यांतल्या साध्या स्लीपरमध्येही शौचालय डब्याच्या टोकालाच असतं. आतलं हवं तर वरच्या दर्जाचं तिकीट.

आणि पाचवी गोष्ट आमच्यावर गुदरलेली. या दोन रात्रींखेरीज आणखी एका गाडीचं आरक्षण होतं. कुठली ते सांगत नाही. स्टेशनावर गेलो तर आमचा शयनयान डबाच जोडलेला नाही, बिघडला म्हणून काढलेला. त्याऐवजी बसायचा डबा. सगळी रात्र ताठ बसून काढली, पाय सुजले, वर गाडी दोन तासांवर उशिरा. रागानं आमच्यापैकी एकानं तर पुढची सगळी तिकिटं रद्द करायची भाषा केली. मतभेद म्हणालो तो हाच. युरोपीय नियमानुसार गाडीला एक तासावर उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांवर झाला तर ५० टक्के परत मागता येतात. आम्ही अर्ज केला, पैसे आलेही. पण सुजलेल्या पायांवर परताव्याचा काय उपयोग?

मग या गाड्या अशा का? डबे जुने का, गाड्या कमी का? आम्ही परत आल्यावर थोडं वाचलं. रात्रीचा डबा चोवीस तासांत एकदाच माणसं नेतो. बसायच्या डब्यात जेवढी माणसं मावतात त्यापेक्षा कितीतरी कमी झोपायच्या डब्यात मावतात. अटेंडंट, चादरी, न्याहारी यांचा खर्च वेगळा. गाडी ज्या ज्या देशातून जाते तिथे तिथे रूळ वापरण्याचं भाडं भरावं लागतं. विजेचंही तसंच. जर्मनी-ऑस्ट्रियात १५ हजार व्होल्टची, इटलीत बहुतेक ठिकाणी तीन हजार व्होल्टची आणि तीही डीसी. मध्यरात्रीचे ते धक्के त्यामुळेच. उलट विमानाच्या इंधनाला २००३ च्या युरोपीय निर्देशानं करातून सूट दिलेली आहे. एकाच्या पाठीवर ओझं आणि दुसऱ्याच्या पाठीवर हात, मग शर्यत बरोबरीची कशी होणार?

जर्मनीच्या रेल्वेनं तर २०१६ च्या डिसेंबरात आपल्या सगळ्या शयनयान गाड्या बंद केल्या. परवडत नाहीत म्हणाले. शेजारच्या छोट्या ऑस्ट्रियानं त्यातले बरेच मार्ग आणि डबे घेतले आणि तेव्हापासून नाइटजेट हे नाव आलं. पुढे स्वीडनमध्ये 'विमानाची लाज' अशा अर्थाचा एक शब्दच रूढ झाला, फ्रान्सनं २०२३ मध्ये अडीच तासांत गाडीनं जाता येत असेल तर देशांतर्गत विमान नको असा नियम लागू केला, आणि लोकांना वाटलं गाड्यांचे दिवस परत आले. बेल्जियम-नेदरलँड्समधल्या काही लोकांनी तर चक्क सहकारी संस्था काढली, सामान्य माणसांकडून भागभांडवल जमवलं आणि २०२३ च्या मे महिन्यात ब्रुसेल्स-बर्लिन रात्रीची गाडी सुरू केली. आपल्याकडे लोकांनी पतपेढ्या काढल्या, तिकडे रेल्वेगाडी काढली. पण त्याच फ्रान्सनं पॅरिसच्या रात्रगाड्यांना मिळणारी सरकारी मदत थांबवली आणि २०२५ च्या डिसेंबरात नाइटजेटच्या पॅरिस-व्हिएन्ना आणि पॅरिस-बर्लिन गाड्या बंद झाल्या. आमच्या कूपेचा फोटो आमच्याकडे आहे, कूपे राहिला नाही. एक दार उघडणारं धोरण आणि दुसरं दार लावणारा अर्थसंकल्प, हे काही फक्त आपल्याकडेच असतं असं नाही.

प्रदूषणाचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. ऑस्ट्रियाच्या रेल्वेची वीज पूर्णपणे पाणी, वारा अशा अक्षय स्रोतांची असते आणि त्या मानानं विमान कितीतरी धूर सोडतं, हे खरंच. पण इंदूरहून युरोपपर्यंत आम्ही विमानानंच गेलो होतो. तेव्हा त्या विषयावर प्रवचन करायचा अधिकार आम्हाला नाही. तिकडे पोहोचल्यावर जे टाळता येतं ते टाळावं, इतकंच म्हणतो.

तर सहलीबद्दल आमची सूचना अशी. पॅरिसहून झुरिकला दिवसाच्या वेगवान गाडीनं जावं, चार तास लागतात. झुरिक-व्हिएन्ना रात्रीची गाडी आहे, पण तीही दिवसाच घ्यावी, आठेक तास आर्लबर्गच्या डोंगरांतून, म्हणजे आल्प्स बघायचा राहणार नाही. व्हिएन्ना-व्हेनिस रात्रीनं. व्हेनिस-रोम दिवसा, पुन्हा चार तास. सगळ्या सहलीत रात्र एकच आणि विमान एकही नाही. रात्र एकच, कारण १७ ज्येष्ठांना लागोपाठ दोन रात्री गाडीत काढायला लावणं बरं नव्हे. तिकिटं साधारण सहा महिने आधी खुली होतात आणि स्लीपर पटकन संपतात, तेव्हा दिवाळीनंतर लगेच हात घालावा लागेल. डबा आयत्या वेळी बदलण्याची शक्यता असते, म्हणून व्हेनिसच्या पहिल्या दिवशी काहीही ठरवू नये. तिथे बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत, तर प्रत्येकानं स्वतःला उचलता येईल एवढीच बॅग घ्यावी. आणि गाडीत चढताना डब्याचा क्रमांक नीट बघावा. एकाच गाडीचे काही डबे एका शहराला आणि काही दुसऱ्याला जातात. मध्यरात्री ते कापले जातात. आपली निम्मी मंडळी व्हेनिसला आणि निम्मी भलतीकडे, असं व्हायला नको.

उद्यापासून कार्यालयात एक वही ठेवली आहे. नावापुढे स्लीपर की चारचं कुशेट ते लिहावं. खालचा बर्थ ज्यांना वैद्यकीय कारणानं हवा आहे त्यांनी तसं लिहावं. नुसता हवा आहे म्हणून लिहू नये. घोरणाऱ्यांसाठी शेवटचं पान वेगळं ठेवलं आहे. ते नाव स्वतः लिहायचं नसून घरच्यांनी लिहायचं आहे.